कौल उलटं करून बघा: जहाजांवरून भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवताना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या शिपाईमामांना मी एक काम सांगते. मागच्या पडवीवरचं एक जुनं कौल काढून द्या. कौल टेबलावर पालथं ठेवायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि मुलांना जवळ बोलवायचं. शेवाळाखालून इंग्रजी अक्षरं वर येतात. कारखान्याचं नाव अर्धं झिजलेलं असतं, पण गावाचं नाव बहुतेक वेळा वाचता येतं: मंगलोर.

‘बाई, एवढ्या लांबून? ट्रकनं?’

हा प्रश्न आला की पुढच्या दहा तासिकांची सोय झाली. हा लेख त्या दहा तासिकांबद्दल आहे. सातवी ते नववीला शिकवणाऱ्या आणि समुद्र किंवा खाडी हाकेच्या अंतरावर असलेल्या शिक्षकांसाठी तो लिहिते आहे. बालभारतीच्या नववीच्या भूगोलात सागरजलाचे गुणधर्म, अर्थशास्त्राशी परिचय, व्यापार, वाहतूक हे सगळे धडे आहेत. पण ते वेगवेगळे येतात आणि मुलं ते वेगवेगळेच पाठ करतात. मी ते एकाच दाव्याला बांधते. नकाशावरचा प्रश्न निघाला की ‘मग ह्याचे पैसे किती?’ असं विचारायचं, आणि पैशाचा प्रश्न निघाला की ‘हे नकाशावर कुठं?’ असं विचारायचं. बाकी सगळी पद्धत ह्या दोन प्रश्नांतून निघते.

सामान फार लागत नाही. एक ग्लोब, दोऱ्याचं रीळ, खडू, मोजपट्टी, वजनकाटा, मीठ, जाड स्ट्रॉ आणि इंटरनेट असलेला एक मोबाइल. काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. ह्याचं कारण पुढे येईल, आणि ते मी स्वतः तोंडघशी पडून शिकले आहे.

कौल, काटा आणि बैलगाडी

मुलांना घरची कौलं बघून यायला सांगा. छपरावर चढायचं नाही, परसात पडलेलं फुटकं कौल चालेल. दुसऱ्या दिवशी फळ्यावर गावांची यादी होते. मंगलोर सर्वांत जास्त, मग कुणाकडे कालिकतकडचं एखादं. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. पुढे तिथे असे बरेच कारखाने झाले आणि कोकणातल्या पेंढ्यांच्या छपरांवर हळूहळू लाल कौल चढलं.

आता कौल तोला. साधारण दोन-अडीच किलो भरतं. मध्यम घराला दोन हजार कौलं धरली तर झाले पाच टन. बैलगाडीत अर्धा टन धरा, म्हणजे दहा गाड्या. मंगळूरहून इथपर्यंत मधल्या नद्या आणि खाड्या मुलांना नकाशावर मोजायला लावा. तेव्हा पूल नव्हते, हे लक्षात आणून द्या. गाडीभाडं कौलाच्या किमतीच्या कितीतरी वर जाणार हे त्यांना आकडा न सांगताच कळतं. गलबतात मात्र हीच कौलं उभी रचून थेट खाडीत येत.

इथे फळ्यावर एक वाक्य लिहून घ्या, कारण ते पुढे वारंवार लागतं: जड आणि स्वस्त माल पाण्यानं जातो, हलका आणि महाग माल घाई करू शकतो. मग लगेच भारताचा आकडा द्या. आपला परदेश व्यापार वजनानं मोजला तर सुमारे ९५ टक्के समुद्रावरून होतो, पण किमतीनं मोजला तर सुमारे ७० टक्के. हे दोन आकडे वेगळे का? उत्तर सांगू नका. एका हातात दगडी कोळशाचा तुकडा आणि दुसऱ्या हातात तुमचा मोबाइल धरून उभ्या राहा. आमच्या वर्गात दोन मिनिटं शांतता होती, मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मोबाइल विमानानं येतो, बाई!’

जाता जाता एक प्रश्न घरी न्यायला द्या. कौलं उतरवल्यावर गलबत परत जाताना काय नेत असेल? रिकामं जाणं म्हणजे भाडं बुडणं. हा प्रश्न पुढे कंटेनरच्या वेळी पुन्हा काढायचा आहे.

फेरीबोट आणि सागरी मैल

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा. जवळ जी फेरी असेल ती घ्या. समोरचा किनारा दिसतो, पण रस्त्यानं जायचं तर खाडीला वळसा घालून पूल गाठावा लागतो. मुलांना दोन्ही वाटांचा हिशोब करू द्या: तिकीट, पेट्रोल आणि लागणारा वेळ. वेळेची किंमत कशी धरायची यावर भांडण होईल, ते होऊ द्या. ‘माझ्या पप्पांचा त्या वेळात अर्धा दिवस बुडतो’ असं कुणी म्हणालं की संधी-परिव्यय, म्हणजे एक वाट धरताना जे सोडावं लागतं त्याची किंमत, शिकवून झाला. शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

त्याच तासाला ॲटलास उघडा. मुंबईचं अक्षांश सुमारे १८° ५६', रत्नागिरीचं सुमारे १७°. फरक ११६ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किमी. आपला किनारा जवळपास उत्तर-दक्षिण असल्यामुळे कोकणातल्या मुलांना ही युक्ती फार सोयीची पडते. ११६ सागरी मैल म्हणजे २१५ किमी, किनारा थोडा तिरका आहे म्हणून २२० धरा. रस्त्यानं तेच अंतर सव्वातीनशेच्या वर जातं. मात्र बजावून सांगा की हे गणित अक्षांशालाच लागू आहे, रेखांशाला नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. हे ग्लोबवर बोट ठेवून दाखवावं लागतं, तोंडी सांगून उपयोग नाही.

भरती-ओहोटी इथेच घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशोब कोळ्यांच्या आणि भंडाऱ्यांच्या घरात अजून चालतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. उधाणाची भरती आणि भांगाची भरती हे शब्द मुलांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. त्यांना बोलू द्या, तुम्ही चंद्र आणि सूर्य काढून त्यांच्या बोलण्याखाली आकृती ठेवा. शेवटी विचारा, भरतीची वाट बघत नांगरून पडलेल्या जहाजाचं रोजचं भाडं कोण भरतं?

मैदानावर कंटेनर

हा माझा सर्वांत आवडता भाग, आणि ह्याला दोन तासिका द्याव्यातच.

खडूनं किंवा फक्कीनं मैदानावर २० फूट लांब आणि ८ फूट रुंद चौकोन आखा. उंची साडेआठ फूट, ती बांबूला खूण करून दाखवा. सगळा वर्ग आत उभा करा. आमचे ३४ जण सहज मावले आणि कबड्डीपुरती जागा उरली. ही जगभर मापाला धरलेली पेटी आहे. ४० फुटी पेटी म्हणजे अशा दोन. बंदराची क्षमता आणि जहाजाचा आकार ह्या २० फुटी पेटीच्या हिशोबानं मोजतात. उरणजवळच्या न्हावा-शेव्याला, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात, आता वर्षाला ७० लाखांहून जास्त अशा पेट्यांइतका माल हाताळला जातो.

पेटी आली कुठून, हे थोडक्यात सांगा. अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाचा ट्रकवाला होता. ट्रकमधला माल हमालांनी एकेक गोणी करून जहाजात चढवायचा, यात वेळ आणि मजुरी फार जायची. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या. गोणीऐवजी पेटी उचलायची, एवढीच कल्पना. पण तिनं बंदरातल्या हमालांची कामं गेली आणि जहाजांचे बंदरातले दिवस तासांवर आले. मुंबईच्या गोदीत कुणाचे आजोबा होते का, विचारा. कोकणात एखादा हात वर होतोच.

आता आंबा भरा. मापं मी मुलांना देते ती अशी: पेटी आतून ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद, २.३९ उंच, म्हणजे ३३ घनमीटर. आंब्याचा खोका ४० × ३० × १५ सेंमी धरा, म्हणजे ०.०१८ घनमीटर. भागाकार केला की १,८३३ खोके येतात. हुशार मुलं इथे पेन ठेवतात.

मग त्यांना खरे खोके रचायला लावा. दुकानातून पाच-सहा रिकामे आणले की पुरतात. लांबीत ४० सेंमीचे १४ बसतात, पंधरावा अडतो. रुंदीत ३० सेंमीचे ७, उंचीत १५ सेंमीचे १५. गुणाकार १,४७०. मग ३६३ खोके कुठं गेले? फटींमध्ये. खोका आडवा फिरवून बघा, आणखी कमी बसतात. खोक्याचं माप किती ठेवलं म्हणजे फट उरणार नाही, हे गटांना शोधायला द्या. माल बांधणारी माणसं नेमकं हेच काम करतात. आंब्याला थंड ठेवणारी पेटी लागते, ती आतून आणखी लहान असते आणि गार हवा फिरायला जागा सोडावी लागते, हे शेवटी सांगा. आधी सांगितलं तर गणिताचा धीर खचतो.

पैसे आता. मानून चला की पेटीचं भाडं दीड लाख रुपये आहे. १,४७० खोक्यांवर वाटलं तर खोक्यामागे १०२ रुपये. बागायतदाराकडे अर्धेच खोके असतील तर? पेटीचं भाडं तेच, खोक्यामागे २०४. लहान बागायतदार एकत्र का येतात, सहकारी संस्था का काढतात, हे मुलं आपण होऊन बोलतात. एका मुलीनं विचारलं, ‘मग दोघांचा आंबा एका पेटीत टाकला आणि एकाचा सडका निघाला तर?’ ह्या एका प्रश्नावर मी उरलेली तासिका खर्च केली. प्रतवारी, तपासणी, विमा, सगळं त्यात आलं. युरोपीय संघानं २०१४ साली फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि ती २०१५ च्या सुरुवातीला उठली, हे उदाहरण तिथेच बसतं. काही पेट्यांत सापडलेल्या माशीची शिक्षा सगळ्यांनी भोगली.

महामार्गावर कंटेनरचे ट्रक दिसतात. पेटीवर चार इंग्रजी अक्षरं आणि सात अंक असतात. मालवाहू पेटीचं चौथं अक्षर नेहमी ‘यू’. मुलांना एसटीतून जाता-येता ते टिपू द्या. वहीतली यादी वाढत जाते आणि पेट्या एकाच गावच्या नसतात हे त्यांना दिसतं.

आणि गलबताचा तो प्रश्न आठवतो ना? रिकाम्या पेटीचंही तसंच आहे. एखादा देश विकतो जास्त आणि घेतो कमी, तर पेट्या गिऱ्हाइकाच्या देशात साठत जातात. कोविडच्या काळात पेट्या चुकीच्या किनाऱ्यांवर अडकल्या आणि भाडी कित्येक पट झाली.

स्ट्रॉचं जहाज, आणि माझी फजिती

जाड स्ट्रॉचं एक टोक मेणानं बंद करा, आत दोन-तीन बारीक खिळे टाका म्हणजे ती पाण्यात उभी तरंगेल. विहिरीच्या पाण्यात पातळी जिथे लागते तिथे खूण करा, मग समुद्राच्या पाण्यात तरंगवा. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून स्ट्रॉ थोडी वर येते. १६ सेंमी बुडाली असेल तर फरक जेमतेम ४ मिलिमीटर पडतो. म्हणून खूण बारीक पेननं करा.

पहिल्या वर्षी मी हा प्रयोग ऑगस्टमध्ये ठेवला. खाडीचं पाणी बादलीनं आणवलं, वर्ग गोळा केला आणि स्ट्रॉ टाकली. ती जिथल्या तिथे. पुन्हा केलं, तरी तेच. मी घामाघूम. तेवढ्यात होडीवाल्यांच्या घरातला एक मुलगा शांतपणे म्हणाला, ‘बाई, पावसात खाडी गोडी होते. चाखून बघा.’ चाखलं. खरंच! सह्याद्रीवरून उतरणारं सगळं पाणी त्या बादलीत होतं. क्षारतेवर मी वाचलेल्या सगळ्या परिच्छेदांपेक्षा ते वाक्य मोलाचं. आता प्रयोग हिवाळ्यात करते आणि पावसाळ्यातलं पाणी बाटलीत भरून तुलनेला ठेवते. समुद्र लांब असेल त्यांनी लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालावं.

ह्यानंतर जहाज कुठवर बुडू द्यायचं ते सांगणारी, त्याच्या कुशीवरची खूण फळ्यावर काढा. वर्तुळ, त्यातून आडवी रेघ, शेजारी शिडीसारख्या लहान रेघा. उष्ण कटिबंधातल्या गोड्या पाण्याची रेघ सर्वांत वर असते आणि हिवाळी उत्तर अटलांटिकची सर्वांत खाली. एवढ्यावरच हवामान, क्षारता आणि कटिबंध असे तीन धडे उजळून होतात. ही खूण आली त्यामागे पैशाची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये मालक जुनी जहाजं गच्च भरून पाठवत. बुडालं तर विम्याचे पैसे मिळत, खलाशी मात्र जात. सॅम्युअल प्लिम्सॉल ह्या खासदारानं ह्याविरुद्ध रान उठवलं आणि १८७६ साली भाररेषेचा कायदा झाला. नुकसान एकाचं आणि फायदा दुसऱ्याचा असला की काय होतं, ह्यावर नववीची मुलं फार नेमकं बोलतात. विमा असला म्हणून कोण निष्काळजी होतं, ह्याची गावातली उदाहरणं ती देतात. ती मी इथे लिहीत नाही.

नांगरलेली जहाजं कुणाची

३०० टनांच्या वरच्या, परदेशी वाहतूक करणाऱ्या जहाजांना आपली जागा, वेग आणि ओळख रेडिओनं सतत सांगावी लागते. ती माहिती मोबाइलवरच्या नकाशात फुकट दिसते. जयगडच्या तोंडाशी बोट ठेवा, जहाजाचं नाव, झेंडा, निघाल्याचं बंदर आणि जहाज पाण्यात किती बुडालंय ती खोली येते. आठवडाभर रोज एकाच वेळी एका गटानं नोंद घ्यायची. आत येताना खोली जास्त आणि जाताना कमी असेल तर माल उतरला. किल्ल्यावरून डोळ्यांनीही कळतं: बुडाचा लाल पट्टा वर दिसला की जहाज रिकामं.

जयगडला कोळसा येतो, शेजारच्या १,२०० मेगावॅटच्या वीज प्रकल्पासाठी. एका मोठ्या जहाजात ७५ हजार टन कोळसा धरा आणि २५ टनांचा डंपर धरा. तीन हजार डंपर. हा आकडा मुलं घरी जाऊन सांगतात. पलीकडे गुहागर तालुक्यात दाभोळच्या टर्मिनलला द्रवरूप नैसर्गिक वायू येतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याची जागा सुमारे सहाशे पटीनं कमी होते, म्हणून तो जहाजातून आणणं परवडतं. पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यानं तिथे बरीच वर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नव्हती. करोडोंचा प्रकल्प आणि त्याचं वेळापत्रक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यानं ठरवायचं! मोसमी वारे शिकवायला मला ह्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

प्रत्येक जहाजाला जन्मभराचा सात अंकी क्रमांक असतो. गणिताच्या बाईंना बोलवा. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे क्रमांकातला सातवा. ‘एव्हर गिव्हन’ ह्या कंटेनर जहाजाचा (त्याची गोष्ट पुढे येते) क्रमांक ९८११०००. ६३ + ४८ + ५ + ४ + ० + ० = १२०, शेवटचा अंक शून्य. जुळलं. आता रोजच्या नोंदीतल्या जहाजांवर करून बघा. आमच्याकडे एक क्रमांक जुळेना, तेव्हा लिहिताना चूक झाली होती. अंक त्याचसाठी आहे.

झेंड्यांची यादी केली की पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटं पुन्हा पुन्हा येतात. मार्शल बेटं पॅसिफिकमध्ये शोधायला लावा. लोकसंख्या लाखाच्याही आत, मग एवढी जहाजं कशी? नोंदणीची फी, कर आणि मजुरीचे नियम, सगळं इथे उघडं करता येतं.

दोरा ताणून सुएझ

३० सेंमी व्यासाच्या ग्लोबचा घेर सुमारे ९४ सेंमी, म्हणजे एका सेंटिमीटरला ४२५ किमी. मुंबईहून सुएझमार्गे लंडनपर्यंत दोरा लावा, समुद्रावरूनच, कुठेही जमीन ओलांडायची नाही. साधारण २७ सेंमी भरतो. आता आफ्रिकेला वळसा घालून लावा, ४७ च्या आसपास. फरक २० सेंमी, म्हणजे साडेआठ हजार किमी. ताशी १५ सागरी मैलांनी जहाज दिवसाला ६६७ किमी कापतं, तेव्हा जवळजवळ १३ दिवस जास्त. तेरा दिवसांचं इंधन, पगार, आणि मालात अडकलेल्या पैशाचं व्याज. १८६९ साली कालवा उघडला तेव्हा मुंबईला काय मिळालं, हे दोऱ्यानंच कळतं.

मग ‘एव्हर गिव्हन’ची गोष्ट. २३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचं हे जहाज कालव्यात आडवं रुतलं, सुटलं २९ तारखेला. वर वीस हजारांहून जास्त पेट्यांची क्षमता. एकापुढे एक मांडल्या तर १२२ किमी, रत्नागिरीहून निघून जवळजवळ कोल्हापूर गाठतील. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, देखभाल जर्मन कंपनीकडे, कालवा इजिप्तचा आणि जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय. प्रत्येक देशाला एक गट द्या आणि नुकसान कुणी भरायचं ह्यावर वाद घालू द्या. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि बऱ्याच कंपन्यांनी पुन्हा आफ्रिकेचा वळसा धरला. मुलांच्या हातातला लांब दोरा म्हणजे तीच वाट.

पैसे आधी कोण देणार

हा खेळ आहे, एका तासिकेत बसतो. एक गट देवगडचा बागायतदार, एक दुबईचा व्यापारी, एक जहाज कंपनी, दोन गट दोन्हीकडच्या बँका, एक कस्टम. पहिल्या फेरीत कागद नाही. बागायतदार म्हणतो, आधी पैसे. व्यापारी म्हणतो, आधी आंबा. घड्याळ लावा. दहा मिनिटांत काहीही हलत नाही आणि वर्ग चिडतो.

दुसऱ्या फेरीत ‘बिल ऑफ लेडिंग’ आणा. माल चढल्यावर जहाज कंपनी बागायतदाराला हा कागद देते. ज्याच्या हाती मूळ कागद, त्याला माल. बागायतदार तो आपल्या बँकेत देतो, बँक दुबईच्या बँकेकडे पाठवते, व्यापारी पैसे भरतो तेव्हाच कागद त्याच्या हाती पडतो. एका साध्या वहीच्या पानावर हे लिहून द्या आणि त्यावर शाळेचा शिक्का मारा. शिक्का हवाच, त्याशिवाय मुलं कागदाला मान देत नाहीत. मुंबई ते दुबई सुमारे ११७० सागरी मैल, म्हणजे सव्वातीन दिवस. म्हणून दर तीन मिनिटांनी जहाज ‘पोचतं’.

तिसऱ्या फेरीत संकटाच्या चिठ्ठ्या काढा: डॉलरचा भाव बदलला, थंड पेटीची वीज गेली, चक्रीवादळ आलं. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते मुलांनी अंगावर घेतलेलं आहे, त्यामुळे ह्या चिठ्ठीला कुणी हसत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेला आंब्याची पेटी समुद्रमार्गे गेली, २५ दिवसांचा प्रवास. शेवटी हा आकडा द्या आणि विमानाचं भाडं वाचवण्यासाठी २५ दिवस आंबा टिकवायला काय काय करावं लागेल ते विचारा.

घरातली आगबोट

जगातल्या खलाशांपैकी दहातला एक तरी भारतीय असतो, आणि आमच्या वर्गात कुणाचे तरी वडील किंवा मामा ‘शिपवर’ असतातच. ते रजेवर आले की वर्गात बोलवा. पगाराचा आकडा विचारू नका. कोणत्या बंदरात किती दिवस, घरी फोन कसा होतो, आणि डॉलर वर-खाली झाला की घरी काय ठरतं, एवढं पुरे.

म्हाताऱ्यांना आगबोटीबद्दल विचारायला मुलांना पाठवा. मुंबईहून बोट यायची, धक्का नसेल तिथे पडावातून उतरायचं, पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. काही घरांत ती आठवण अजून आहे. ती काढायची की नाही हे घर बघून ठरवा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याआधी आणि नंतर मुंबईला पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागत, असा तक्ता मुलांनी आजी-आजोबांकडून भरून आणायचा.

सहल

बंदराच्या आत शाळेला सहज सोडत नाहीत, सुरक्षेचे नियम कडक असतात. एका बंदराला मी पत्र पाठवलं, होकार आला तो वार्षिक परीक्षा संपल्यावर. पत्र जूनमध्येच टाका, आणि सोबत दुसरी जागा ठरवून ठेवा. जयगडच्या किल्ल्यावरून खाडीचं तोंड छान दिसतं. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघता येतो. मागणी-पुरवठा शिकवायला तो पुस्तकातल्या आलेखापेक्षा बरा. पहिल्या टोपलीचा आणि शेवटच्या टोपलीचा भाव लिहून घ्यायला दोन मुलं बसवा.

गुण मी एकाच गोष्टीला देते. प्रत्येकानं घरातली एक वस्तू निवडायची आणि तिचा प्रवास एका पानावर लिहायचा. नकाशा, अंतर, दिवस, भाडं, आणि वाटेत कुणाकुणाला पैसे मिळाले ते. अंदाज चुकला तर गुण कापत नाही, अंदाज कशावरून केला ते लिहिलं नसेल तर कापते. गेल्या वर्षी सर्वांत चांगलं पान खोबरेल तेलाच्या बाटलीवर होतं. बाटलीचं झाकण कुठून आलं हे काही त्या मुलीला सापडलं नाही, आणि तिनं तसं लिहिलंही होतं.

आणि कौल. ते मे महिन्यात आठवणीनं जागेवर चढवून घ्या. मी एकदा विसरले. जूनच्या पहिल्या सरीला पडवीत बरोबर त्याच जागी धार लागली, आणि खाली नववीची हजेरीची वही होती.